छंद तीन आणि निबंध एक, मग जोडायचं कसं?

विणकाम, बुद्धिबळ आणि पक्षीनिरीक्षण हे तुमचे छंद. तिन्हींवर मिळून एक ललित निबंध लिहायचाय, पण सगळं ओढूनताणून आणल्यासारखं वाटतंय, असा तुमचा प्रश्न. वाटणारच! 'तिन्हींना संयम लागतो' असं लिहून आपण मोकळे होतो. संयम कशाला लागत नाही? विल्यम हर्शेल पेशाने संगीतकार आणि त्याने १७८१ मध्ये युरेनस शोधला, हे कळलं की लोक लगेच सूर आणि ग्रहांची लय वगैरे सुरू करतात. मला त्यापेक्षा तो दुर्बिणीचे आरसे स्वतः तासन्‌तास घासत बसायचा, हे जास्त कामाचं वाटतं.

म्हणून विषय जोडायला जाऊ नका. त्या त्या वेळी हात, डोळे काय करतात ते लिहा.

मला आकाश बघायचं वेड आहे आणि मुद्रितं तपासायलाही आवडतं (हो, असे लोक असतात). दुर्बिणीतून अंधूक तेजोमेघावर थेट नजर रोखली की तो गायब होतो आणि जरा बाजूला बघितलं की उमटतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध नसतात, कडेला दाट असतात. एवढं लिहिलं आणि पुढचं वाक्य आपसूक आलं: मुद्रितं तपासताना मी शेवटच्या ओळीपासून उलटी वाचत येते, कारण सरळ वाचताना चुका निसटतात. दोन्हीकडे सरळ बघणंच आड येतं. लिहायला बसेपर्यंत हे डोक्यातही नव्हतं.

पण हे साम्य फार वेळ टिकलं नाही. तेजोमेघ दिसत नाही तो उजेड अपुरा म्हणून. चूक भर उजेडात दिसत नाही, कारण शब्द इतका ओळखीचा असतो की मन तो दुरुस्त करूनच वाचतं. उपाय सारखा, कारण उलट. मला निबंध सापडला तो इथे.

तुमच्या छंदांना विचारून बघा: मागे जाता येतं का? सुटलेला टाका बऱ्याच ओळींनंतर दिसला तरी उसवून परत जाता येतं, मधली मेहनत तेवढी जाते. बुद्धिबळाच्या सामन्यात मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावं लागतं, पण खेळ्या लिहून ठेवल्या असतील तर नंतर डाव हवा तिथून मांडता येतो. पक्षी मात्र उडाला की उडाला. पोट खरंच पिवळसर होतं की उन्हामुळे तसं वाटलं, हे कायमचं अधांतरी राहतं.

नंतर सुचलेलं बिनधास्त मध्ये घुसवा. फ्रेंच निबंधकार माँतेनचे निबंध १५८० मध्ये छापले गेले, तरी पुढच्या आवृत्त्यांत तो जुन्या मजकुरात भर घालतच राहिला.

आणि बुद्धिबळ बसतच नसेल तर काढून टाका. छंद तीन आहेत म्हणून तिन्ही आलेच पाहिजेत असं थोडंच आहे? त्याचा वेगळा निबंध होईल.