लेशमॅनियावर धातूची संयुगं: सुरुवात करताना

लेशमॅनिया या परजीवीवर धातूची संयुगं तपासायला घेतलीस, आधी अभिनंदन! विषय जुना आहे: १९१२ मध्ये ब्राझीलच्या गास्पार व्हियाना यांनी त्वचेच्या लेशमॅनियासिसवर (या परजीवीमुळे होणाऱ्या रोगावर) टार्टार एमेटिक, म्हणजे अँटिमनीचं संयुग वापरलं होतं. सध्या एवढंच सांभाळ:

१. फक्त प्रोमॅस्टिगोटवर भरवसा नको. ते रोग पसरवणाऱ्या वाळूमाशीतलं परजीवीचं रूप. माणसात परजीवी मॅक्रोफेजच्या (एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशीच्या) आत अमॅस्टिगोट या रूपात राहतो, खरी परीक्षा तिथेच. पंचसंयुजी अँटिमनीची औषधं प्रोमॅस्टिगोटवर जवळजवळ निष्प्रभ ठरतात. नुसती तेवढीच चाचणी केली असती तर ती केव्हाच बाद झाली असती.

२. मॅक्रोफेजवरची विषारता त्याच आठवड्यात तपास. परजीवीसोबत पेशीही मेली, तर ते औषध नव्हे.

३. डीएमएसओ हा द्रावक! सगळे संयुगं बेधडक त्यातच विरघळवतात. प्लॅटिनम, रुथेनियमच्या काही संयुगांत तो लिगँडची (धातूला जोडलेल्या रेणूची) जागा बळकावतो आणि तू भलतंच काहीतरी तपासत बसतोस. (माझे चार महिने असेच गेले.)

नुसता लिगँड, नुसतं धातूचं मीठ आणि अँफोटेरिसिन बी हे आधीपासूनचं औषध, ही तुलना प्रत्येक प्लेटमध्ये हवीच. उंदरांवरच्या चाचण्यांचं आणि संयुग नेमकं कसं काम करतं त्याचं नंतर बघू.