तारा शुद्ध पंचमात, तरी गंधार थरथरतो

स्ट्रिंग क्वार्टेटची चारही वाद्यं (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) शुद्ध पंचमात, म्हणजे ३:२ च्या प्रमाणात लावली, तरी चेलोच्या मोकळ्या सी तारेवर व्हायोलिनची मोकळी ई धरली की सूर थरथरतो, ट्यूनर बिघडलाय का, असं तुम्ही विचारलंय. ट्यूनर ठीक आहे. सी-जी-डी-ए-ई असे चार शुद्ध पंचम चढलं की जो गंधार मिळतो तो ८१/६४ चा, ४०८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तंबोऱ्याच्या खर्जात ऐकू येतो तो स्वयंभू (तारेतून आपोआप उमटणारा) गंधार ५/४ चा, ३८६ सेंटचा. फरक साडेएकवीस सेंट, म्हणजे आपल्या संगीतातलं सूक्ष्म अंतर, प्रमाणश्रुतीच. ए ४४० धरला तर ई ६६० हर्ट्झ, आणि सी तारेचा दहावा स्वयंभू स्वर सुमारे ६५२. दोन सुरांच्या या फरकानं सेकंदाला आठ ठोके पडणारच, तीच ती थरथर.

ई तार उतरवू नका, ए-ई पंचम बिघडेल. प्रत्येक पंचम ५.४ सेंट आखडला तर गंधार शुद्ध होतो खरा, पण ए-ई वर सेकंदाला चार ठोके येतात. मला ते पटत नाही. त्यापेक्षा तो ई ए तारेवर चौथ्या बोटानं घ्या. ३२८ मिमीच्या तारेवर बोट नेहमीच्या जागेपासून पावणेतीन मिमी खुंट्यांकडे सरकवायचं, एवढंच. स्वरलिपीत त्या सुरावर ‘मोकळी तार नको’ असं लिहाच, आणि व्हिब्रेटो (बोट हलवून सूर कंपवणं) बंद. नाहीतर या सगळ्या हिशेबाला काही अर्थ नाही.

संगीत लिहिताना खरा घात होतो तो सी मेजर, ए मायनर, डी मायनर, जी मेजर आणि पुन्हा सी या कॉर्डांच्या फेरीत. दोन कॉर्डांमधला सामाईक सूर दर वेळी तसाच धरून बाकीचे त्याला शुद्ध मिळवत गेलात, तर फेरीअखेर सी साडेएकवीस सेंट खाली येतो. चार फेऱ्यांत जवळजवळ अर्धा स्वर! मग कुणीतरी मोकळी डी छेडतो आणि बिंग फुटतं. डी मायनरवर येताना ए एका प्रमाणश्रुतीनं वर घ्या आणि ती उडी व्हायोलात लपवा, शक्यतो विरामानंतर.

सातवा स्वयंभू स्वर (पियानोवरच्यापेक्षा ३१ सेंट उतरलेला कोमल निषाद) बोटानं शोधत बसू नका. चेलोच्या सी तारेवर, लांबी ६९० मिमी असेल तर, वरच्या नटपासून (खुंट्यांजवळच्या पट्टीपासून) ९८-९९ मिमीवर नुसता स्पर्श करा. अमेरिकन संगीतकार बेन जॉन्स्टनच्या चौथ्या क्वार्टेटमध्ये (१९७३) आधी नुसते पंचम, मग शुद्ध गंधार, मग हा सातवा, अशी चढण आहे. तालमीचा क्रमही तोच ठेवा.

आणि मे महिन्यात कूलरसमोर तारा लावून थेट एसी हॉलमध्ये जाऊ नका. दमट हवेत फुगलेल्या खुंट्या तिथल्या कोरड्या हवेत सैल होऊन घसरतात. वाद्यं अर्धा तास आधी हॉलमध्ये उघडून ठेवा, मग लावा.