वाचकांचे प्रश्न : मुलांच्या मनासाठी मंडळ काय करू शकतं?

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाने गेल्या वर्षी ‘किशोरवयीन मुलांचे मानसिक आरोग्य’ या विषयावर व्याख्यान ठेवलं. हॉल भरला, पण आजी-आजोबांनी. मुलं फिरकलीच नाहीत. यंदा काय करावं?
— एक कार्यकर्ता, सिडको

उत्तर : असा बोर्ड लावलेल्या हॉलमध्ये शिरताना गल्लीतलं कोण कोण बघेल, याचा हिशेब मुलं आधी करतात. मग कशाला येतील? व्याख्यान ठेवलं की कार्यकर्त्यांना बरं वाटतं, बाकी फारसं काही घडत नाही. त्यापेक्षा दहा-बारा मुलांचा गट करा आणि पंधरा दिवसांतून एकदा तासभर भेटा, तेही वर्षभर. आठवी-नववीची मुलं आणि अकरावी-बारावीची वेगळी बसवा. मोठ्यांसमोर लहानांचं तोंड उघडत नाही. ढोलाच्या सरावानंतरची वेळ सोयीची, मुलं तिथे आलेलीच असतात. विषय रोजचेच घ्या : झोप, मोबाइल, मार्क, घरातली भांडणं.

पण पहिल्या बैठकीआधी पुढची वाट ठरलेली हवी. एखादं पोर गंभीर काही बोललं तर न्यायचं कुठे? सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, हे एका कार्यकर्त्याने आधी जाऊन बघून यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

पालकांची लेखी संमती घ्या. गटात दोन मोठी माणसं कायम हवीत, त्यांत एक तरी बाई. ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द मात्र देऊ नका. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लैंगिक अत्याचार झाला असेल, तर सांगावंच लागेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे.

हमखास फसतं ते फोटोंमुळे. मंडळाच्या ग्रुपवर गटाचा एक फोटो पडला की पुढच्या वेळी निम्मी मुलं गायब. दुसरी चूक म्हणजे प्रश्नावली भरून घेऊन नैराश्याचे गुण काढणं. डॉक्टर ठरलेला नसताना हाती नुसती यादी उरते, आणि अशा याद्या फुटतात.

लाज कमी करायची तर तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा उपचार घेऊन सावरलेला तरुण जास्त उपयोगी पडतो. तो स्वखुशीने येत असेल तरच बोलवा. गोळ्या किती दिवस चालल्या, झोप कधी सुधारली, कॉलेज पुन्हा कसं सुरू केलं, हे मुलांना विचारू द्या. रडवणारी कहाणी नको.

प्रश्न : कॉलेज रोडवरचा एक क्लास दर चाचणीनंतर गुणांची यादी दारावर लावतो आणि कमी गुणवाल्यांची बॅच वेगळी करतो. बोलायला गेलं की ‘स्पर्धा आहे’ म्हणतात.
— एक पालक

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेले निर्देश क्लासनाही लागू आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. गुणांवरून बॅच पाडणं शक्यतो टाळायचं, चारचौघांत अपमान करायचा नाही, हेल्पलाइनचे नंबर ठळक लावायचे. एकट्याने वाद घालू नका. पाच-सहा पालकांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात मुलांची नावं नकोत. आणि ‘आमच्याकडे समुपदेशक आहे’ म्हणाले तर शिक्षण विचारा. बऱ्याचदा प्रवेशाची माहिती देणारे सरच पुढे केले जातात.

प्रश्न : मैत्रीण म्हणते, जगावंसं वाटत नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणून तिने शपथ घातलीय.
— अकरावीतली वाचक, निफाड

उत्तर : शपथ मोड, आणि आजच. तिला सरळ विचार, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडू नकोस आणि तिच्या घरातल्या भरवशाच्या माणसाला गाठ. घरची बाग असेल तर फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवायला सांग, किल्ली मोठ्यांकडे. ‘नाटकं करते’ असं ऐकायला मिळालं तर थांबू नकोस. कॉलेजातल्या बाई किंवा आशाताईंना सांग. १४४१६ किंवा मुलांसाठीचा १०९८ तूही लावू शकतेस; जीव धोक्यात वाटला तर ११२. पोलीस केसच्या भीतीने घरचे गप्प बसत असतील तर सांग, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं धरलं जातं. शिक्षा नाही, उलट सरकारने काळजी घ्यायची आहे. मैत्रीण चार दिवस अबोला धरेल. धरू दे. मोठ्यांच्या हाती प्रकरण गेल्यावर तुझं काम एवढंच : तिच्यासोबत डबा खायचा, नेहमीच्या गप्पा मारायच्या.