कॅम्पर बघायला गेलात की आधी गाडीखाली शिरा

प्रश्न : एक वापरलेली फोर व्हील ड्राइव्ह व्हॅन विकायला आहे. मालकानं स्वतःच्या हातानं तिचं घर केलंय : लाकडी पॅनेलिंग, पलंग, सिंक, पाण्याची टाकी, छतावर सोलर, लिथियम बॅटरी. सस्पेन्शन बदलून गाडी उंचही केली आहे. 'ऑफरोड कधी नेलीच नाही,' असं तो सांगतो. पाठवलेले फोटो सगळे आतले आहेत. आम्ही दोघं आणि दोन मुलं. घ्यावी का?

उत्तर : फोटो सगळे आतले आहेत, हेच मला खटकलं. पलंग, कपाटं उद्या बदलता येतात. गंजलेली चासी बदलता येत नाही. म्हणून टॉर्च घेऊन जा आणि आतलं काही बघण्याआधी गाडीखाली शिरा. स्प्रिंग जिथे चासीला जोडलेल्या असतात तिथे गंज धरतो. खाली सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला दिसला तर मी खूश होत नाही, तो आत्ताच का मारला ते विचारतो. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) ऑइल थोडं काढून बघू द्या म्हणावं. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय.

'ऑफरोड नेलीच नाही' ही जमेची बाजू समजू नका. वर्षानुवर्षं न वापरलेली फोर व्हील यंत्रणा अडकून बसू शकते. खडीच्या किंवा मातीच्या रस्त्यावर फोर व्हीलचे हाय (नेहमीच्या वेगाचा) आणि लो (कमी वेग, जास्त जोर) दोन्ही गिअर टाकून बघा. कोरड्या डांबरावर मात्र नको. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधेही डिफरन्शियल नसेल तर तो ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि शाफ्टवर येतो. याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. गाडी उंच केल्यानं प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलतो, तेव्हा हायवेच्या वेगाला थरथर जाणवते का, तेही बघा.

आता वजन. याबद्दल विकणारा क्वचितच बोलतो आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पत्र्याच्या पट्टीवर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. समजा ते 3500 किलो आहे. फोर व्हीलचे जादा भाग मुळातच जड. त्यात 18 मिमी प्लायवूडचा आठ बाय चार फुटी एक ताव तीस किलोच्या आसपास भरतो आणि 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. टाक्या भरून गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगा, पुढच्या आणि मागच्या धुऱ्याचं (ॲक्सलचं) वजन वेगवेगळं घ्या. उरलेल्या किलोंत तुम्ही चौघं आणि सामान बसायला हवं. वजन जास्त झालं की ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायर तापतात आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमका तोच मुद्दा काढू शकते.

छतावरच्या सोलरच्या आणि व्हेंटच्या भोकांभोवती हात फिरवा, शक्य असेल तिथलं आतलं लाकडी पॅनेल काढायला लावा. पॅनेलिंगमागे बाष्प साठून पत्रा आतून गंजानं खाल्लेला असू शकतो. कोंदट वास आला तर व्यवहार तिथेच थांबवा. वायरिंगमध्ये बॅटरीच्या अगदी जवळ मुख्य फ्यूज हवाच. गोठवणाऱ्या थंडीत राहणार असाल तर लिथियम बॅटरीचं शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप थांबतं का, हे विचारा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक लागतं. कार्बन मोनॉक्साइडचा (वास नसलेला विषारी वायू) अलार्म नसेल तर पहिल्या रात्रीआधी बसवा.

आणि मुलं बसणार कुठे? हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला असता. प्लायवूडच्या बाकाला स्क्रूनं ठोकलेला पट्टा हा सीट बेल्ट नव्हे, धडकेत तो लाकडासकट उखडतो. बेल्टचे बोल्ट गाडीच्या धातूच्या सांगाड्यात आहेत का आणि नोंदणीच्या कागदावर किती सीट आहेत, हे दोन्ही डोळ्यांनी बघा. कागदावर दोनच सीट असतील, तर बाकी सगळं उत्तम निघालं तरी ही गाडी तुमच्यासाठी नाही.