नव्या पुंगळीच्या मानेवरचा डाग

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो आणि तेथील क्लबात रायफल नेमबाजी करतो. काडतुसे घरी भरण्यासाठी .३०८ विंचेस्टर या जातीच्या काडतुसांच्या शंभर नव्या पितळी पुंगळ्या, म्हणजे दारू व गोळी धरणारी रिकामी कवचे, आणल्या. सर्वांच्या मानेवर, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद भागावर, निळसर पट्टा आहे आणि काहींची तोंडे चेपली आहेत. माल सदोष आहे काय? पट्टा पॉलिशने घासून काढावा काय?

उत्तर : पट्टा हा दोष नव्हे. सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त असलेले हे पितळ ओढून घडवताना कडक होते, म्हणून शेवटी मानेला धग देऊन ती नरम केली जाते. त्या धगीची खूण काही कारखाने पुसतात, काही तशीच ठेवतात. घासायचीच असेल, तर अमोनियायुक्त पॉलिश मात्र लावू नये. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत, आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया व पितळात उरलेला ताण ही त्याची कारणे १९२१ मध्ये उलगडली.

चेपलेली तोंडे वाहतुकीत आपटून झालेली असतात, ती सायझिंग डायमधून, म्हणजे पुंगळीला ठरीव मापात आणणाऱ्या साच्यातून, काढल्यावर गोल होतात. मात्र नव्या मानेत आतून काजळीचा थर नसल्यामुळे डायमधला, मान आतून योग्य मापाची करणारा गोळा मागे ओढताना चिरका आवाज करत अडतो आणि मान लांबवतो. म्हणून आतून किंचित वंगण लावावे, आणि नंतर ते पूर्ण पुसावे, कारण तेलामुळे दारू व प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) दोन्ही बिघडतात.

लांबी कॅलिपरने सायझिंगनंतरच मोजावी. कमाल मर्यादा २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर आहे. तिच्यावर गेलेली पुंगळी कापावी लागते. तोंडाची कड आतून-बाहेरून हलकेच तासावी. नवशिके उत्साहाच्या भरात तिला सुरीची धार आणतात, तेवढे टाळावे. प्रायमरची ज्वाला दारूपर्यंत नेणाऱ्या, ठोकून पाडलेल्या ज्वालाछिद्राच्या आतल्या बाजूस धातूची कड उरली असेल, तर तीही एकदाच काढावी. दारूचे माप मात्र आमच्याकडून न घेता दारू बनवणाऱ्याच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यावे आणि तिथल्या किमान मापापासून सुरुवात करावी.

आपण सुट्टीत गावी येत असाल, तर नमुना म्हणूनही पुंगळी सामानात ठेवू नये. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात.