डिस्नेलँडच्या दारात रहिवासाचा पुरावा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोविडच्या महासाथीमुळे मार्च २०२० च्या मध्यापासून बंद असलेले कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइमचे डिस्नेलँड ३० एप्रिल २०२१ रोजी पुन्हा उघडले, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत व्हिसा व करांचे प्रश्न मागे पडून एकच विषय पुढे आला आहे : आपण कॅलिफोर्नियात राहतो हे दारात कसे सिद्ध करायचे? राज्याच्या आरोग्य विभागाने ५ मार्च रोजी थीम पार्क उघडण्यास परवानगी देताना दोन मुख्य अटी घातल्या. गर्दी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) स्तरानुसार, म्हणजे तिथल्या संसर्गाच्या प्रमाणावरून ठरलेल्या रंगानुसार, क्षमतेच्या १५, २५ किंवा ३५ टक्क्यांपुरतीच असावी आणि येणारे लोक राज्यातलेच असावेत. यांपैकी दुसऱ्या अटीविषयीच्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न पुढे घेतले आहेत. उत्तरे मे २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यातील स्थितीला धरून आहेत, आणि त्यांतले ‘आता’ व ‘सध्या’ म्हणजे तोच काळ. राज्यातलेच पाहुणे ही अट पुढे १५ जून २०२१ रोजी संपली.

प्रश्न : आम्ही दोघेही एच-१बी व्हिसावर असून सात वर्षे सनीव्हेलला राहतो. ग्रीन कार्ड अजून मिळालेले नाही आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर ‘लिमिटेड टर्म’ (मर्यादित मुदतीचे) असे छापलेले आहे. आम्हाला ‘कॅलिफोर्नियाचे रहिवासी’ म्हणता येईल का?

निःसंशय म्हणता येईल. रहिवासी हा शब्द वेगवेगळ्या कायद्यांत वेगवेगळ्या कामासाठी वापरला जातो, त्यामुळे आपल्यासारख्या अनेकांचा गोंधळ होतो. प्राप्तिकरासाठीचा रहिवास निराळा. कॅलिफोर्निया विद्यापीठात कमी शुल्क मिळवण्यासाठीचा रहिवास आणखी निराळा. तिथे ३६६ दिवसांचे सलग वास्तव्य आणि इथेच कायम राहण्याचा हेतू दाखवावा लागतो. ‘पर्मनंट रेसिडेंट’ हा तर संघराज्याच्या स्थलांतर कायद्यातला दर्जा आहे आणि थीम पार्कच्या नियमाशी त्याचा काही संबंध नाही. पार्कच्या दारात विचारला जाणारा प्रश्न साधा आहे : आपले घर या राज्यात आहे का? ही अट संसर्ग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ नये म्हणून घातलेली आहे आणि विषाणूला आपल्या पासपोर्टचा रंग कळत नाही. म्हणून नागरिकत्व किंवा व्हिसाचा प्रकार येथे गैरलागू ठरतो.

आपले लायसन्स, त्यावर ‘लिमिटेड टर्म’ असले तरी, डीएमव्हीने (राज्याच्या वाहन विभागाने) दिलेले, छायाचित्र आणि कॅलिफोर्नियाचा पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र आहे. याहून सरळ पुरावा दुसरा नाही. मात्र दोन गोष्टींची काळजी घ्यावी. प्रत्येक प्रौढाने स्वतःचे ओळखपत्र जवळ ठेवावे. पतीच्या लायसन्सवर पत्नीचा रहिवास सिद्ध होतो असे गृहीत धरू नये. आणि कार्ड प्रत्यक्ष न्यावे. फोनमधले छायाचित्र म्हणजे ओळखपत्र नव्हे, आणि कॅलिफोर्नियाने फोनवरचे अधिकृत लायसन्स मे २०२१ पर्यंत सुरू केलेले नव्हते.

प्रश्न : मी लॉस एंजेलिसमध्ये एम.एस. करतो. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून लायसन्सही नाही. फक्त भारतीय पासपोर्ट, एफ-१ व्हिसा आणि विद्यापीठाचे ओळखपत्र आहे. मला प्रवेश मिळेल का?

आपण येथे राहता, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने आपला हक्क शंभर टक्के आहे. अडचण आहे ती कागदाची. आपल्या पासपोर्टवर छायाचित्र आहे, पण त्यावरचा पत्ता महाराष्ट्रातला. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर पत्ताच नाही. अशा वेळी दोन कागदांची जोडी करावी. एक कागद आपण कोण आहात हे सांगणारा आणि दुसरा आपण कुठे राहता हे सांगणारा. पासपोर्टसोबत भाडेकरार, आपल्या नावाचे वीज किंवा इंटरनेटचे अलीकडचे बिल अथवा बँकेचे पत्र असावे. नाव दोन्हींवर अक्षरशः एकच असावे, हे विशेष महत्त्वाचे आहे. मराठी मुलांच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव मधल्या जागी असते आणि घरभाड्याच्या करारात ते बहुधा गळलेले असते. असा फरक असेल तर पत्त्याचे दोन कागद न्यावेत, एक नव्हे. चार जणांत घेतलेल्या खोलीचे वीजबिल एकाच्याच नावावर असते, त्यामुळे उरलेल्या तिघांनी भाडेकरारावरच भिस्त ठेवावी. बँकेचा कागद नेणार असाल, तर खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे आणि सर्व व्यवहार झाकावेत. दारावरच्या माणसाला फक्त आपले नाव आणि पत्ता पाहायचा आहे. कोणते कागद चालतील याचा अंतिम निर्णय पार्कचा असतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावरील यादी एकदा वाचून घ्यावी.

यापुढचा सल्ला मी आग्रहाने देतो : डीएमव्हीचे साधे ओळखपत्र काढून घ्या. त्यासाठी गाडी चालवता येण्याची गरज नाही आणि वाहनपरीक्षाही नसते. एफ-१ वरील विद्यार्थ्यांना ते देशातील अधिकृत वास्तव्याच्या मुदतीपुरते मिळते. परदेशात पासपोर्ट खिशात घेऊन दिवसभर झुल्यांवर फिरणे मला मुळीच पसंत नाही. तो हरवला, तर वाणिज्य दूतावासाच्या फेऱ्या आणि नव्या व्हिसाची चिंता या दोन्ही गोष्टी एका दिवसाच्या करमणुकीपायी ओढवतात.

प्रश्न : माझे आईवडील फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याहून आमच्याकडे फ्रीमाँटला आले आणि महासाथीमुळे इथेच अडकले. त्यांच्या पर्यटक व्हिसावरच्या वास्तव्याला आम्ही मुदतवाढ मागितली आहे. ते जूनच्या अखेरीस परतणार आहेत. जाण्यापूर्वी त्यांना नातवंडांसोबत डिस्नेलँड दाखवायचे आहे. पंधरा महिने इथे राहिल्यावर ते रहिवासी ठरतात का?

या महिन्यात आलेल्या पत्रांतले हे मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटले आणि सर्वांत अवघडही. या अटीचा हेतू पाहिला, तर आपले आईवडील कॅलिफोर्नियातलेच आहेत. वर्षभर ते आपल्या घराबाहेर फारसे गेलेले नाहीत आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या राज्यातून संसर्ग येण्याचा प्रश्नच नाही. परंतु कागद दुसरेच सांगतात. त्यांच्याजवळ कॅलिफोर्नियाचा पत्ता दाखवणारे ओळखपत्र नाही, घर आपल्या नावावर आहे आणि वीजबिलही आपल्याच.

याहून महत्त्वाची बाब स्थलांतर कायद्याची आहे. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसा मिळतो तोच मुळी या आधारावर की त्या व्यक्तीचे कायमचे घर परदेशात आहे आणि ती तिथे परतणार आहे. मुदतवाढीच्या अर्जातही आपण हेच लिहून दिलेले असते. एका खात्याला ‘आम्ही पुण्याचे, परत जाणार’ असे लिहून द्यायचे आणि दुसरीकडे ‘आम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी’ अशा निवेदनावर सही करायची, हे टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. पार्कच्या दारातली तपासणी आणि स्थलांतर खाते यांचा एकमेकांशी संबंध नसला, तरी परस्परविरोधी लेखी विधाने कधीही करू नयेत. उद्या आईवडिलांना पुन्हा व्हिसा मागायचा आहे.

मग त्यांना काहीच पाहता येणार नाही का? तसे नाही, दोन मार्ग उघडे आहेत. पहिला मार्ग लसीचा. कॅलिफोर्नियात १५ एप्रिलपासून १६ वर्षांवरील सर्वांना लस खुली आहे, ती मोफत आहे आणि व्हिसाचा दर्जा पाहून नाकारली जात नाही. आईवडिलांनी अजून घेतली नसेल, तर डिस्नेलँडचा विचार बाजूला ठेवून आधी ती घ्यावी. भारतात सध्या दुसऱ्या लाटेचे जे चित्र आहे, ते पाहता लस न घेता परत जाणे धोक्याचे आहे. पूर्ण लसीकरण झालेल्या राज्याबाहेरच्या पाहुण्यांना घेण्याची मुभा राज्याने आता पार्कचालकांना दिली आहे. १६ एप्रिलला उघडलेल्या युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूडने ती स्वीकारली आहे. डिस्नेलँडने मात्र अद्याप फक्त कॅलिफोर्नियावासीयांनाच प्रवेश ठेवला आहे. पूर्ण लसीकरण म्हणजे दुसऱ्या मात्रेनंतर, किंवा जॉन्सनच्या एकमेव मात्रेनंतर, १४ दिवस झालेले असणे, हे तारीख ठरवताना लक्षात घ्यावे.

दुसरा मार्ग थांबण्याचा आहे आणि आपल्या बाबतीत मला तोच अधिक योग्य वाटतो. गव्हर्नर न्यूसम यांनी ६ एप्रिल रोजी जाहीर केल्याप्रमाणे रंगांच्या स्तरांची ही सारी व्यवस्था १५ जूनला संपवण्याचा राज्याचा मानस आहे, आणि राज्यातलेच पाहुणे ही अट याच व्यवस्थेचा भाग आहे. विमान जूनच्या अखेरीस असल्याने मधला दीड-दोन आठवड्यांचा काळ आपल्या हाती राहतो. आईवडिलांना वर्षभर घरात बसावे लागले असताना आणखी थोडे थांबा असे सांगणे जड जाते. तरीही कोणाला काही खोटे न सांगता, सर्वांनी मिळून दारातून आत जाण्याचा हा रस्ता आहे. सहल उरकण्याच्या घाईत परतीची तारीख मात्र पुढेमागे करण्यापूर्वी नीट विचार करावा. ४ मे २०२१ पासून, आधीच्या १४ दिवसांत भारतात असलेल्या बहुतेक अनागरिकांना अमेरिकेत येण्यास बंदी होती. एकदा गेल्यावर त्यांना लवकर परत बोलावता येईल, असे तेव्हा गृहीत धरता येत नव्हते.

प्रश्न : आम्ही फीनिक्सला राहतो. माझा भाऊ अर्व्हाइनला आहे. त्याच्या पत्त्यावर तिकिटे काढून आम्ही त्याच्या कुटुंबासोबत गेलो, तर चालेल ना? गाडीने सहा तासांचाच रस्ता आहे.

चालणार नाही, आणि कृपया तसे करू नये. भावाच्या पत्त्यावर तिकीट निघेल, पण आपल्या खिशातल्या अ‍ॅरिझोनाच्या लायसन्सवर पत्ता अ‍ॅरिझोनाचाच राहील. दारात ओळखपत्र मागितले, तर मुलांसमोर परत फिरावे लागेल. परंतु पकडले जाण्याची भीती हे माझ्या लेखी दुय्यम कारण आहे. वर्षभर बंद राहिलेल्या या जागेवर हजारो लोकांचा रोजगार अवलंबून आहे आणि ती ज्या विश्वासावर उघडली आहे, त्याला आपल्या सोयीसाठी छेद देऊ नये. सुट्टी आताच घ्यायची असेल, तर फ्लोरिडातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिथे राज्याच्या रहिवासाची अट नाही. नाहीतर १५ जूनची वाट पाहावी. अर्व्हाइनहून अ‍ॅनाहाइम हाकेच्या अंतरावर आहे, भाऊ तेव्हाही तिथेच असेल.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सॅन होजेचे घर सोडून ऑस्टिनला आलो. लायसन्स अजून कॅलिफोर्नियाचेच आहे. ते चालेल का?

लायसन्स जुने आहे म्हणून आपण रहिवासी ठरत नाही. दारावरचा माणूस कार्ड पाहून आत सोडेलही, पण नियम घराविषयी आहे आणि आपले घर आता टेक्सासमध्ये आहे. टेक्सासमध्ये राहायला आल्यापासून ९० दिवसांत तिथले लायसन्स घ्यावे लागते, तेही राहून गेलेले दिसते. डिस्नेलँडआधी ते काम उरकावे.

प्रश्न : लायसन्सवर आमचा जुना, सॅन डिएगोचा पत्ता आहे. आता आम्ही सॅक्रामेंटोला राहतो. शिवाय कार्ड ‘रिअल आयडी’ नाही. अडचण येईल का?

दोन्ही बाबतींत नाही. दोन्ही गावे कॅलिफोर्नियातलीच आहेत आणि प्रश्न राज्याचा आहे, काउंटीचा नव्हे. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत डीएमव्हीला कळवणे मात्र बंधनकारक आहे. ते ऑनलाइन होते आणि त्यासाठी नवे कार्ड घ्यावेच लागते असे नाही. रिअल आयडी देशांतर्गत विमानप्रवास आणि संघराज्याच्या काही कार्यालयांसाठी आहे. त्याची मुदतही एप्रिल २०२१ मध्ये ३ मे २०२३ पर्यंत वाढवण्यात आली होती.

प्रश्न : आमची तीन कुटुंबे एकत्र जाणार आहेत. लहान मुले सहा आहेत. त्यांच्या रहिवासाचा पुरावा काय न्यावा? आणि माझी बहीण तिच्या मैत्रिणीसह आली, तर चालेल का?

लहान मुलांकडे पत्ता असलेले ओळखपत्र नसते हे सर्वांनाच ठाऊक आहे, आणि सोबतच्या पालकाचा पुरावा त्यांच्यासाठी पुरेसा धरला जातो. सोळा-सतरा वर्षांची मुले असतील, तर शाळेचे ओळखपत्र बरोबर ठेवावे. भाच्या किंवा मित्रांची मुले आपण एकटेच नेणार असाल, तर त्यांच्या पालकांचा दूरध्वनी क्रमांक आणि दोन ओळींची लेखी संमती जवळ असलेली बरी.

एका गटात जास्तीत जास्त तीन घरांतली माणसे, अशी मर्यादा आहे. घर म्हणजे एका छपराखाली राहणारे सगळे, मग ते आजी-आजोबांसह आठ जण का असेनात. आपली तीन कुटुंबे म्हणजे तीन घरे झाली. बहीण वेगळी राहत असेल तर ती चौथे घर आणि तिची मैत्रीण वेगळ्या पत्त्यावर असेल तर पाचवे. त्यामुळे दोघींनी आपले स्वतंत्र आरक्षण करून स्वतंत्र गट म्हणून यावे.

यासोबत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण रहिवासाच्या चिंतेत ती अनेकांच्या ध्यानातून निसटते. तीन वर्षे व त्यावरील प्रत्येकासाठी तिकीट आणि आरक्षण अशा दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्या एकाच पार्कच्या, एकाच तारखेच्या असाव्या लागतात. केवळ तिकीट काढून निघालात, तर सर्व कागद चोख असूनही प्रवेश मिळणार नाही. सहा मुलांसह तीन कुटुंबांना एकाच दिवसाचे आरक्षण मिळणे सध्या अवघड आहे, म्हणून आधी आरक्षणाच्या दिनदर्शिकेत जागा पाहावी, मग तिकिटे घ्यावीत आणि हॉटेलचे पैसे सर्वांत शेवटी भरावेत.