वाचकांचे प्रश्न: स्पोर्टी गाडी देऊन मोठी डिझेल सेडान घ्यावी का?

प्रश्न: माझ्याकडे दोन दारांची, 2.0 लिटर पेट्रोल इंजिनाची, हाताने गिअर टाकायची स्पोर्टी गाडी आहे. चालवायला अजूनही मजा येते, पण मागे मुलाची सीट बसवताना कंबर धरते आणि डिकीत दोन बॅगा कशाबशा मावतात. 3.0 लिटर, सहा सिलिंडरची, चार-पाच वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक डिझेल सेडान घ्यावी असं मनात आहे. वर्षाला साधारण 18,000 किलोमीटर होतात. तेवढ्यासाठी डिझेल परवडेल का? आणि नंतर पस्तावणार नाही ना?

उत्तर: 18,000 हा आकडा अर्धाच आहे. तो कसा जमतो, हे जास्त महत्त्वाचं. रोज 35 किलोमीटर एका दमात जाऊन तेवढंच परत यायचं असेल, तर 250 दिवसांत 17,500 होतात. दिवसातून सहा वेळा बारा-बारा किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तरी 18,000 होतात. पहिल्या वापराला मोठं डिझेल इंजिन उत्तम, दुसऱ्यात ते आजारी पडतं.

कारण सरळ आहे. डिझेल इंजिन इंधनातली उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून ते उशिरा तापतं. त्यात तीन लिटरचा लोखंड-ॲल्युमिनियमचा ठोकळा, साडेसहा-सात लिटर ऑइल आणि भरपूर कूलंट. बारा किलोमीटरची फेरी संपते तेव्हा इंजिन जेमतेम कामाच्या तापमानाला आलेलं असतं. एक्झॉस्टमधल्या डीपीएफ या गाळणीत साठलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस लागतात. त्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल मारून एक्झॉस्ट तापवतं आणि हे काम, म्हणजे रीजनरेशन, दहा ते वीस मिनिटं चालतं. मध्येच गाडी बंद केली की काजळी तशीच राहते. शिवाय न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. आठवड्यातून चार वेळा असं झालं तर ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलचा पहिला फटका इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला बसतो.

आता हिशेब. तुमची गाडी लिटरला 11 किलोमीटर देत असेल तर वर्षाला सुमारे 1,640 लिटर पेट्रोल. सेडान मोकळ्या रस्त्यावर 15 देईल असं धरलं तर 1,200 लिटर डिझेल. दोन्ही आकडे आपापल्या भावाने गुणा आणि मग वजाबाकी करा. नुसत्या 440 लिटरच्या फरकावर खूश होऊ नका. गर्दीच्या रस्त्यांवर हीच सेडान नऊ-दहावर येते आणि बचत बघताबघता विरते. उरलेल्या रकमेतून रुंद टायरांचा संच, मोठ्या ब्रेक डिस्क, जास्तीचं ऑइल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल एवढं वजा करा. जुन्या मोठ्या डिझेलमधली एखादी मोठी दुरुस्ती दोन-तीन वर्षांची इंधनबचत खाऊन टाकू शकते. तेवढी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर पाच वर्षं वापरलेली मोठी गाडी स्वस्तात मिळतेय हे समाधान फसवं आहे. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही.

पस्ताव्याचा प्रश्न आकड्यांत बसत नाही, तरी दोन गाड्या शेजारी ठेवून पाहा. तुमच्या गाडीसारख्याच टोयोटा जीटी86 मध्ये 205 न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, आहे आणि तो 6,400 आरपीएमच्या पुढे हाती लागतो. वजन सुमारे 1,250 किलो, शून्य ते शंभरला 7.6 सेकंद. बीएमडब्ल्यूच्या एफ10 पिढीतली 258 अश्वशक्तीची 530डी घ्या. 560 न्यूटनमीटर, तेही 1,500 आरपीएमपासून. वजन 1,700 किलोच्या वर, तरी शंभरला 5.8 सेकंद. म्हणजे कागदावर सेडानच जोरात पळते. वेग तुम्हाला कमी पडणार नाही. पण 4,500 च्या आसपास इंजिनाचा दम संपतो, गिअर तुमच्याआधी गाडीच बदलते आणि वळणावर 450 किलोचं जास्तीचं वजन पुढच्या टायरांवर येतं. स्टिअरिंगमधून रस्ता बोटांना कळायचा, तो आता सीटच्या गादीत मुरतो. ओव्हरटेक करताना मात्र पाय थोडा दाबला की काम झालं. यात एक धोकाही आहे: आवाज नाही, धक्के नाहीत, त्यामुळे काटा कुठे पोचला ते कळत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. जुनी गाडी विकायच्या आधी तशीच सेडान एक पूर्ण दिवस भाड्याने घ्या. रोजच्या रस्त्यावरून न्या, मुलाची सीट बसवा आणि आपल्या नेहमीच्या जागेत लावून पाहा. सव्वाचार मीटरची सवय असलेल्याला 4.9 मीटरची गाडी पहिल्यांदा पार्किंगमध्ये घाम फोडते. एका फेरीत पंचवीसेक किलोमीटर आणि त्यातले निम्मे मोकळ्या रस्त्याचे होत असतील, तर आमचं मत सेडान घ्यावी असं आहे. फेऱ्या छोट्या असतील तर सेडान हवी तर घ्या, पण पेट्रोल किंवा हायब्रिड. जागेची अडचण सुटेल आणि डीपीएफची कटकटही मागे लागणार नाही.

एक राहिलं. जुन्या डिझेल गाड्यांना काही देशांतल्या मोठ्या शहरांच्या मध्यभागात बंदी किंवा जादा शुल्क असतं. तुमच्या रस्त्यावर तसं असेल तर गाडी कुठल्या उत्सर्जन मानकाची आहे ते नोंदणीच्या कागदावर आधी वाचा.

प्रश्न: 1,40,000 किलोमीटर झालेली डिझेल सेडान पाहिली. विकणारे म्हणतात, "सगळी हायवेवरच चाललीय." हे खरं की खोटं कसं ओळखायचं?

उत्तर: इंजिन थंड असताना पोचा. बॉनेटवर नाही, इंजिनाच्या वरच्या कव्हरवर हात ठेवून खात्री करा. कोमट लागलं तर नम्रपणे "उद्या सकाळी येतो" म्हणा. अवघड स्टार्टिंग लपवायचा सोपा उपाय म्हणजे गाडी आधीच गरम करून ठेवणं.

थंड इंजिन एक-दोन सेकंदांत पकडायला हवं. पांढरा, डिझेलचा वास येणारा धूर निघून इंजिन थरथरलं तर थंड सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग गेलेले असतील किंवा डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोर दिल्यावर काळा धूर आला तर हवा कमी पडतेय: टर्बोचा होज फाटला असेल, एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल किंवा टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या काजळीने जाम झाल्या असतील. सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन सेकंद मागच्या बाजूने साखळीसारखा खरखराट येतो का, ऐका. काही इंजिनांत टायमिंगची साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला असते. बीएमडब्ल्यूच्या सुरुवातीच्या 2.0 लिटर एन47 इंजिनाची साखळी त्यासाठीच बदनाम आहे. तिथपर्यंत पोचायला बहुधा इंजिन उतरवावं लागतं, म्हणून असा आवाज आला की सौदा तिथेच थांबवा.

आता सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोटाला राखाडी धूळ लागेल. काळी, चिकट काजळी लागली तर गाळणी तडकलीय किंवा कोणीतरी आतून पोकळ करून ठेवलीय. पोकळ केलेली गाडी पळते झकास, पण उत्सर्जन तपासणीत अडकते आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे.

डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि वास डिझेलचा, तर "हायवेवर चाललीय" ही गोष्ट खोटी. हीच गाडी छोट्या फेऱ्यांत रीजनरेशन अर्धवट सोडत राहिली आहे.

एवढं झाल्यावर स्कॅनर लावणारा मेकॅनिक बरोबर न्या आणि नुसते फॉल्ट कोड बघू नका, ते विकण्याआधी कोणीही पुसतं. डीपीएफमधल्या काजळीचं वजन आणि राखेचं वजन वेगवेगळं वाचा. काजळी जळते, राख जळत नाही. राखेचा आकडा मर्यादेजवळ असेल तर गाळणी काढून धुवावी किंवा बदलावी लागणार. शेवटच्या रीजनरेशनला किती किलोमीटर झाले ते बघा. दर शंभरेक किलोमीटरला होत असेल तर काहीतरी बिघडलंय. काहीशे किलोमीटरचं अंतर निरोगी. प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू, म्हणजे संगणक त्याचं इंधन किती कमीजास्त करतोय तो आकडा, शेजारीशेजारी ठेवा: पाच एकसारखे आणि सहावा एकदम वेगळा असेल तर तो लवकरच खर्च काढणार.

आणि एक छोटी गोष्ट जी बहुतेक जण सोडतात: कूलंटचं तापमान. वीस मिनिटं चालवूनही ते 70 अंशांच्या पुढे जात नसेल तर कूलंटची वाट उघडबंद करणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. भाग साधा आहे, पण इंजिन पुरेसं तापलं नाही तर अनेक गाड्यांचा संगणक रीजनरेशन सुरूच करत नाही आणि लोक विनाकारण महागडा डीपीएफ बदलतात.

गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते विचारा. "आयुष्यभराचं असतं" असं उत्तर येईल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः वापरानुसार 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदलायला सांगते. आठ गिअरच्या 8एचपी मालिकेत फिल्टर ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पॅन पूर्ण बदलतो. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल 30 ते 50 अंशांत असतानाच भरून घ्यावी लागते. घाईत गार ऑइलवर पातळी धरली की ती चुकते आणि गिअर झटके देतात.

प्रश्न: पेट्रोलची गाडी देऊन डिझेल सेडान घेतली. दोन महिन्यांत डीपीएफचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाले थेट गाळणी बदला म्हणतात.

उत्तर: घाई नको. दिवा एकटाच आणि स्थिर असेल तर गाडी तुमच्याकडे फक्त वेळ मागतेय. टाकी पाव भागाच्या वर ठेवा, कारण इंधन कमी असताना पुष्कळ गाड्या रीजनरेशन करत नाहीत. इंजिन पूर्ण गरम करा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 च्या वर, 2,000 ते 2,500 आरपीएम राहतील असा एक गिअर खाली ठेवून वीस मिनिटं एकसारखी चालवा. ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोडमध्ये टाका, नाहीतर ती वरच्या गिअरमध्ये जाऊन 1,400 वर रेंगाळते. दिवा गेल्यावरही पाचेक मिनिटं चालवा. नंतर डिपस्टिक बघा; पातळी चढली असेल तर ऑइल बदला, आणि ते कमी राखेचं, म्हणजे एसीईए सी3 या युरोपीय मानकाचं किंवा तुमच्या इंजिनाला सांगितलेल्या मानकाचंच घाला. साध्या ऑइलची राख गाळणीतच जाऊन बसते.

रीजनरेशन चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका: आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं वर, स्टार्ट-स्टॉप बंद, तात्कालिक मायलेज पडलेलं, गाडी बंद केल्यावर पंखा घरघरत राहतो, जळका वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर अजून दहा मिनिटं फिरून या. वाळलेल्या गवतावर मात्र गाडी उभी करू नका, एक्झॉस्ट आग लावण्याइतका तापलेला असतो.

दिवा लुकलुकायला लागला, सोबत इंजिनाचा दिवा आला किंवा पिकअप गेला, तर रस्त्यावर फिरवून उपयोग नाही. मग स्कॅनरने काजळी मोजा. मर्यादेत असेल तर गॅरेजमध्ये फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे स्कॅनरने मुद्दाम सुरू केलेलं, करता येतं. मर्यादेबाहेर असताना ते केलं तर गाळणी आतून वितळू शकते. तेव्हा ती काढून धुवून घ्यावी. बदलायचा निर्णय शेवटचा. त्याआधी गाळणीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्या बघा, त्या तडकतात. तापमानाचे सेन्सर, ईजीआर आणि इंजेक्टरही तपासा. डीपीएफ सहसा दुसऱ्याच्या पापाची शिक्षा भोगत असतो. मूळ दोष तसाच ठेवून नवीन बसवलात तर तोही तसाच भरेल.

प्रश्न: सवयीने डिझेल गाडीत पेट्रोल भरलं तर?

उत्तर: ही भीती खरी आहे. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, ते डिझेल टाकीच्या तोंडात सहज जातं. कळल्याक्षणी चावी किंवा बटण काहीही लावू नका. इग्निशन नुसतं चालू केलं तरी टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या. ऑटोमॅटिक पार्कमध्ये अडकली असेल तर हाताने सोडवायची तरतूद वापरा किंवा टो करून न्या. टाकी रिकामी करून घ्या आणि मगच डिझेल भरा.

कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचा, हाय प्रेशर पंप 1,600 ते 2,000 बार दाब तयार करतो आणि त्याला वंगण मिळतं ते फक्त डिझेलचं. पेट्रोलमध्ये तो कोरडा घासतो, त्याचा धातूचा कीस रेलमध्ये आणि तिथून इंजेक्टरांत जातो. मग पंप, रेल, इंजेक्टर आणि टाकीपर्यंतच्या नळ्या सगळंच बदलावं लागतं. गाडी सुरू झाली असेल तर टाकी रिकामी केल्यावर इंधनाचा फिल्टर उघडून आत चकाकणारे कण आहेत का ते बघा. कण नसतील तर नवीन फिल्टर घालून सिस्टिममधली हवा काढा आणि सुरू करा. कण दिसले तर सुरू करून बघायचा मोह टाळा.